नारळावरची मोहरी

वाचकांचे प्रश्न : अवकाशातून दिसणारे सूर्यग्रहण

या वेळच्या टपालात ग्रहणाविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत आणि त्यांतली बरीच एकाच गोष्टीभोवती फिरतात. वरून, म्हणजे पृथ्वीबाहेरून, सूर्यग्रहण कसे दिसते? आणि ते पाहून आलेली माणसे ‘आपण किती लहान आहोत’ असे का म्हणतात? ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, खारघर इथून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

अंतराळवीर आपल्यापेक्षा चंद्राच्या चारशे किलोमीटर जवळ असतात. त्यांना ग्रहण मोठे दिसते का? आणि सूर्य झाकलेला पाहून त्यांना नम्र झाल्यासारखे वाटते, ते नेमके कशामुळे?
(निवृत्त शिक्षक, वाशी)

आधी चारशे किलोमीटरचा हिशेब करू. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्यात ४०० म्हणजे हजारात एक भाग. चंद्राची गडद सावली, जिला आपण प्रच्छाया म्हणतो, चंद्रापासून दूर जाताना शंकूसारखी निमुळती होते. दर १०७ किलोमीटरला तिची रुंदी साधारण एका किलोमीटरने घटते. म्हणजे चारशे किलोमीटरवर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उंचीवर, ती जमिनीपेक्षा जेमतेम पावणेचार किलोमीटर जास्त रुंद असते. एवढ्याने काही मोठे दिसत नाही.

खरा फरक आहे तो नजर कुठे वळते यात. स्थानकावरचा ‘क्युपोला’ हा सात खिडक्यांचा घुमट २०१० साली बसवला गेला. तो खाली, पृथ्वीकडे तोंड करून आहे. खग्रास ग्रहणात स्थानक सावलीच्या आसपास असेल, तर सूर्य बहुतेक वेळा पाठीमागे किंवा डोक्यावर राहतो. त्यामुळे तिथून काळा सूर्य आणि त्याभोवतीचे प्रभामंडल क्वचितच पाहायला मिळते. दिसते ती सावली. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणात मॅथ्यू डॉमिनिक आणि जीनेट एप्स यांनी क्युपोलातून टिपली ती कॅनडाच्या आग्नेय भागावरून सरकणारी चंद्राची सावलीच. त्याआधी ११ ऑगस्ट १९९९ ला रशियाच्या ‘मीर’ स्थानकावरून काढलेल्या, पुढे गाजलेल्या छायाचित्रातही ढगांवर पडलेला काळा डागच आहे.

या डागाला रेघ मारल्यासारखी कड नसते. मध्यभागी काळसर, मग तपकिरी, मग राखाडी, आणि बाहेर नेहमीचे पांढरे ढग. कारण प्रच्छायेभोवती जवळजवळ ७,००० किलोमीटर व्यासाची फिकट उपच्छाया असते आणि तिच्यात उजेड हळूहळू कमी होत जातो. ही उतरण किती फसवी असते ते ठाणेकरांना ठाऊक असायला हवे. २२ जुलै २००९ ला सकाळी आपल्याकडे सूर्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग झाकला गेला होता, तरी नुसते आभाळ भरून आल्यासारखे वाटले. सुरतेला मात्र खग्रास होते. उरलेले थोडेसे टक्के सूर्य दिवस टिकवून धरायला पुरतात.

आता नम्रतेविषयी. जमिनीवर खग्रास होते तेव्हा अंधार क्षितिजापर्यंत पसरतो, पक्षी घरट्यांकडे वळतात, आणि सारे जगच झाकोळले असे वाटते. वरून पाहणाऱ्याला सुमारे २,३०० किलोमीटर दूरचे क्षितिज दिसत असते. त्या सगळ्या उजळ समुद्रात आणि ढगांत तो अंधार एक डाग असतो. हजार किलोमीटरवरून पाहिले तर हात लांब करून धरलेल्या मुठीआड तो मावतो. त्या मुठीआड लाखो माणसे श्वास रोखून उभी असतात आणि त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यात दिवसच असतो. आमच्या मते हा लहानपणा भावनेतून येत नाही, मापातून येतो. म्हणूनच खाली मापांवर आम्ही जास्त जागा खर्च केली आहे.

स्थानक इतके वेगात जाते, तर ते सावलीबरोबर पळत राहून खूप वेळ खग्रास पाहू शकेल ना?
(इयत्ता दहावी, कळवा)

तुझा प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र उलटे आहे. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६६ किलोमीटर. ट्रान्स-हार्बर लोकलला ठाण्याहून वाशीला जायला अर्धा तास लागतो. तेवढे अंतर स्थानक दोन सेकंदांत मागे टाकते. चंद्राची सावली अवकाशात चंद्राच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १ किलोमीटरने, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. दोघेही पूर्वेकडेच चालले आहेत असे धरले तरी स्थानक सावलीला सेकंदाला साडेसहा-पावणेसात किलोमीटरने ओलांडते. सावली २०० किलोमीटर रुंद असेल आणि स्थानक अगदी तिच्या मधोमध शिरले, तर खग्रास टिकेल फार तर अर्धा मिनिट. त्याच ८ एप्रिल २०२४ ला मेक्सिकोत जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ४ मिनिटे २८ सेकंद मिळाले होते.

सावलीबरोबर पळायचे तर वेग तिच्याइतकाच हवा, जास्त नको. ३० जून १९७३ ला हे साधले ते ‘कॉन्कॉर्ड’ विमानाने. आफ्रिकेवरून सावलीच्या जोडीने उडत त्यातल्या शास्त्रज्ञांनी ७४ मिनिटे खग्रास पाहिले. जमिनीवर त्या दिवशी जास्तीत जास्त सात मिनिटेच होती. जमिनीवरच्या आपल्याला एक मदत अशी होते की पृथ्वीही स्वतःभोवती पूर्वेकडेच फिरते. त्यामुळे विषुववृत्ताजवळ सावलीचा आपल्या सापेक्ष वेग कमी होतो आणि ग्रहण लांबते.

स्थानकाला एक फायदा आहे. दीड तासाला एक फेरी होत असल्याने ते एकाच ग्रहणाला पुन्हा पुन्हा भेटते. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात ते लागोपाठ तीन फेऱ्यांत उपच्छायेतून गेले होते.

आमच्या सोसायटीतल्या मुलांना हे सारे प्रमाणात दाखवायचे आहे. पुस्तकातल्या आकृतीत सूर्य, चंद्र, पृथ्वी एकमेकांना चिकटलेले असतात. घरच्या वस्तूंत काही करता येईल का?
(घोडबंदर रोड, ठाणे)

येईल. त्यासाठी गच्ची, एक नारळ आणि एक लिंबू एवढे पुरे. १ मिलिमीटर म्हणजे १०० किलोमीटर असे प्रमाण घ्या. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे पावणेतेरा सेंटिमीटर. सोललेला मोठा नारळ साधारण तेवढा असतो. चंद्र ३,४७४ किलोमीटरचा, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचे गोल लिंबू. पट्टीवर मोजूनच घ्या, बाजारातले कागदी लिंबू बहुधा या मापाचे मिळते. या दोघांमधले अंतर ३ मीटर ८४ सेंटिमीटर ठेवायचे. मुलांना आधी अंदाजाने ठेवायला सांगा. बहुतेक जण लिंबू नारळापासून हातभर अंतरावर ठेवतात, आणि मग टेप उलगडला की गच्ची अपुरी वाटू लागते. अंतराळ स्थानक कुठे? नारळाच्या सालीपासून ४ मिलिमीटर वर. सूर्य १४ मीटरचा, म्हणजे साडेचार मजल्यांइतका उंच गोळा, आणि तो दीड किलोमीटरवर. नारळ ठाणे स्टेशनात ठेवला, तर सूर्य तलावपाळीच्याही पलीकडे गेला.

एवढा सूर्य बनवायची गरज नाही, कारण खरा सूर्य आकाशात आहेच आणि तो बरोबर त्याच कोनात, अर्ध्या अंशाहून थोडा मोठा, दिसतो. म्हणून खऱ्या उन्हात लिंबाची सावली हुबेहूब चंद्राच्या सावलीच्या प्रमाणात पडते. या प्रयोगाची गंमत इथेच आहे.

हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास सूर्य फार वर नसतो, ती वेळ धरा. लिंबात दाभणाने बारीक दोरा ओवून ते कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगा. चपलांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आतून काळा कागद लावा आणि तळाला पांढरा कागद चिकटवा. खोक्याचे उघडे तोंड सूर्याकडे करून ते लिंबापासून हवे तितके दूर धरायचे. साडेतीन मीटरवर जाईपर्यंत लिंबू खोक्यापेक्षा साधारण दीड मीटर उंच असावे लागते. तेव्हा दोरी उंच बांधा आणि खोके बुटक्या स्टुलावर ठेवा.

एक मीटरवर सावलीचा गडद गाभा साधारण २.६ सेंटिमीटरचा दिसेल. दोन मीटरवर १.६ सेंटिमीटर, तीन मीटरवर ७ मिलिमीटर. साडेतीन मीटरवर उरतात जेमतेम दोन मिलिमीटर, आणि पावणेचार मीटरला गाभा संपतो. बाहेरची फिकट सावली मात्र तोवर सात सेंटिमीटर पसरलेली असते. म्हणजे चंद्राची गडद सावली पृथ्वीपर्यंत जेमतेम पोहोचते. चंद्र जवळ असताना टोक पृथ्वीवर टेकते आणि खग्रास होते. चंद्र थोडा दूर असेल तर टोक वरच संपते आणि खाली कंकणाकृती दिसते. २६ डिसेंबर २०१९ ला केरळ-तमिळनाडूत आणि २१ जून २०२० ला राजस्थान, हरियाणा, उत्तराखंडात तेच झाले.

हा प्रयोग फसतो तो चार कारणांनी. खोके सूर्याला काटकोनात नसेल तर सावली लांबट होते आणि माप चुकते. खोक्याच्या आतल्या बाजू काळ्या नसतील तर आकाशाचा आणि पांढऱ्या भिंतीचा उजेड आत येऊन शेवटचा दोन मिलिमीटरचा गाभा धुऊन टाकतो. सर्वांत जास्त हमखास चूक हीच. वाऱ्याने लिंबू हलले तर काहीच दिसत नाही, तेव्हा लिंबाच्या खालूनही एक दोरा बांधून तो विटेला ताणून ठेवा. आणि सूर्य पुढे सरकत असल्याने पावणेचार मीटरवर सावली मिनिटाला सुमारे दीड सेंटिमीटरने पळते. खोके दर मिनिटाला सरकवायला एक मूल नेमा. लिंबू नसेल तर टेबल टेनिसचा चेंडू चालेल. तो ४ सेंटिमीटरचा असल्याने त्याचा गाभा सव्वाचार मीटरपर्यंत जातो. कोणीही खोक्याच्या जागी डोळा लावून लिंबाआडचा सूर्य पाहायचा नाही, हे सुरुवातीलाच बजावा. लिंबू जरासे हलले की सूर्य थेट डोळ्यात येतो.

शेवटी नारळावर मोहरीचा एक दाणा चिकटवा. मोहरी दीड-दोन मिलिमीटरची असते, म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटर. जगभरातून माणसे विमाने करून ज्या सावलीत उभी राहायला जातात, ती नारळावर एवढीच.

चंद्रावर उभे राहिले तर सूर्यग्रहण दिसेल का?
(नेरूळ, असाच प्रश्न कोपरीहूनही)

दिसेल, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी भव्य असेल. आपण ज्याला चंद्रग्रहण म्हणतो, तेच चंद्रावरून सूर्यग्रहण असते. तिथे सूर्याला पृथ्वी झाकते. चंद्रावरून पृथ्वी १.९ अंशांची दिसते, सूर्य अर्ध्या अंशाचा. साडेतीन पट मोठी चकती सूर्यावरून सरकायला वेळ लागतो, म्हणून खग्रास तासाहून अधिक टिकू शकते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आपल्याकडे चंद्र ८२ मिनिटे पूर्ण सावलीत होता.

चंद्र ग्रहणात तांबूस होतो, याचे कारण तिथून उघड दिसते. काळ्या पृथ्वीभोवती लालसर-केशरी उजेडाचे कडे असते. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आहे आणि जिथे जिथे मावळतो आहे, त्या सगळ्या ठिकाणांचा उजेड वातावरणातून वाकून त्या कड्यात एकत्र येतो. चंद्रावर पडणारा तांबडा रंग हा त्या साऱ्या संध्याकाळांचा आणि पहाटांचा एकत्र रंग आहे.

हे दृश्य यंत्रांनी आणि माणसांनी दोघांनीही पाहिले आहे. एप्रिल १९६७ मध्ये चंद्रावर उतरलेल्या ‘सर्व्हेयर ३’ यानाने पृथ्वीआड जाणाऱ्या सूर्याची चित्रे पाठवली. नोव्हेंबर १९६९ मध्ये चंद्रावरून परतताना ‘अपोलो १२’ च्या कॉनरॅड, गॉर्डन आणि बीन या तिघांना पृथ्वीने झाकलेला सूर्य दिसला. बीन पुढे चित्रकार झाले आणि हे ग्रहण त्यांनी रंगवले. फेब्रुवारी २००९ मध्ये जपानच्या ‘कागुया’ यानाने चंद्राभोवती फिरताना त्याचे चित्रीकरण केले. पृथ्वीच्या कडेवर सूर्याचा उरलेला ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकतो, तो त्यात स्पष्ट दिसतो.

३१ डिसेंबर २०२८ ला रात्री आपल्या भागातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. मध्य साधारण सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान, आणि डिसेंबर असल्याने आकाश मोकळे असण्याची शक्यता चांगली. चष्मा, काच काही लागत नाही. तांबड्या चंद्राकडे बघताना एवढे ध्यानात घ्या की तुम्ही ज्या रात्रीत उभे आहात ती रात्र म्हणजे पृथ्वीचीच सावली. तीच तिकडे चंद्रावर पोहोचली आहे.

राकेश शर्मा किंवा शुभांशू शुक्ला यांनी वरून ग्रहण पाहिले का?
(डोंबिवलीहून ठाण्यात नोकरीला येणाऱ्या वाचक)

नाही. शर्मा ३ ते ११ एप्रिल १९८४ या काळात अवकाशात होते, शुक्ला २५ जून ते १५ जुलै २०२५ या काळात. दोन्ही मुक्कामांत सूर्यग्रहण झालेच नाही. कक्षेतून ग्रहण प्रथम टिपले ते नोव्हेंबर १९६६ मध्ये, ‘जेमिनी १२’ मधल्या जिम लोव्हेल आणि बझ ऑल्ड्रिन यांनी.

‘आदित्य-एल१’ हे भारताचे यान सतत सूर्याकडे बघते. मग त्याला सगळी ग्रहणे दिसत असतील?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ऐरोली)

एकही दिसत नाही, आणि म्हणूनच त्याला तिथे ठेवले आहे. वरच्या नारळाच्या प्रमाणात सांगायचे तर लिंबू नारळापासून ३.८४ मीटरवर आणि आदित्य त्याच बाजूला, सूर्याकडे, १५ मीटरवर. पृथ्वी आणि चंद्र दोघेही कायम त्याच्या पाठीमागे. सूर्याच्या आड येणारे तिथे कोणी नाही. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत स्थिरावले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत खग्रास होत असताना त्याच्या दृष्टीने तो रोजचाच दिवस होता.

ग्रहण नाही, मग प्रभामंडल कसे पाहायचे? त्यासाठी ग्रहण यानातच घडवले जाते. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनवलेल्या ‘व्हीईएलसी’ या उपकरणात सूर्याची चकती अडवली जाते आणि भोवतालचे प्रभामंडल तेवढे पुढे जाऊ दिले जाते. प्रभामंडल चकतीपेक्षा सुमारे दहा लाख पटींनी मंद असते. आरशावर धुळीचा एक कण असला तरी त्याच्यावरून विखुरलेला उजेड प्रभामंडलाला गिळतो. अडचण आणखी एक आहे. अडवणारी चकती भिंगाच्या जितकी जवळ, तितका तिच्या कडेवरून वळून येणारा उजेड जास्त. चंद्र हे काम इतके स्वच्छ करतो, कारण तो डोळ्यापासून लाखो किलोमीटर दूर आहे आणि हवेच्याही बाहेर आहे.

यावरचा धाडसी उपाय युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘प्रोबा-३’ ने केला. हेही ५ डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहूनच, आपल्या पीएसएलव्हीने गेले. दोन याने आहेत. एकावर १.४ मीटरची चकती, आणि दुसरे तिच्या सावलीत सुमारे १५० मीटर मागे. तिथे ती सावली फक्त ८ सेंटिमीटरची उरते आणि दुर्बिणीचे ५ सेंटिमीटरचे तोंड नेमके त्यात ठेवावे लागते. म्हणून दोन यानांमधले अंतर आणि दिशा मिलिमीटरच्या हिशेबात सांभाळतात. पृथ्वीच्या जवळ हे जमत नाही, कारण तिथे दोन्ही यानांवरच्या ओढीत फरक पडून ती पांगतात आणि सावरायला इंधन फार लागते. म्हणून कक्षा लांबट, ६०० किलोमीटरपासून ६०,००० किलोमीटरच्या पुढे जाणारी. दूरच्या टोकाशी ती एकमेकांमागे राहतात आणि एका फेरीत सहा तासांपर्यंत ‘ग्रहण’ मिळते.

ग्रहणाची वाट न बघता सूर्याची कड पाहायची ही धडपड आपल्या मातीशी जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास विजयदुर्गावरून गेले. तिथले ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथे बसून हेलियम शोधला असे आपल्याकडे हौसेने सांगितले जाते. विजयदुर्ग सावलीच्या पट्ट्यात होता हे खरे आहे, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणात गुंटूरला बसलेल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांना सूर्याच्या कडेच्या ज्वाला इतक्या तेजस्वी दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या वर्णपटातून पाहिल्या. लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तेच ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केले. प्रोबा-३ च्या मुळाशी हीच कल्पना आहे.

२ ऑगस्ट २०२७ चे मोठे ग्रहण इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून जास्त आहे असे वाचले. आपल्याला इथून काय दिसणार? पावसाळ्यात तर काहीच दिसायचे नाही.
(खारघर)

सावली स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया अशी येऊन हिंदी महासागरात संपते. आपल्याकडे खंडग्रास, तेही दुपारनंतर, सूर्य पश्चिमेला कललेला असताना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खारघरच्या डोंगरावर ढग नसतील असे गृहीत धरू नका.

पण याच ग्रहणात तुम्हाला अंतराळवीराची नजर घरबसल्या मिळू शकते. आपले इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाला पृथ्वीच्या दिसणाऱ्या बाजूचे चित्र घेतात. ती चित्रे हवामान खात्याच्या आणि इस्रोच्या ‘मोसडॅक’ या संकेतस्थळांवर असतात. दुपारी अडीच ते साडेपाच या वेळेतली चित्रे घ्या. संपूर्ण चकतीचेच चित्र हवे. फक्त भारताचा तुकडा घेतला तर सावली त्याच्या बाहेर राहील. आणि दृश्य प्रकाशातले चित्र निवडा. अवरक्त चित्रात तापमान दिसते, उजेड नाही, त्यामुळे त्यात सावलीचा डाग सापडत नाही. लोक नेमके हेच रंगीत अवरक्त चित्र उघडून बसतात. चित्रांवरची वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. साडेतीनच्या सुमारास सावली लक्सरजवळ असेल. लागोपाठच्या दोन चित्रांतल्या डागांमधले अंतर नकाशावर मोजून १,८०० सेकंदांनी भागले की सेकंदाला किती किलोमीटर ते निघेल. शेवटच्या चित्रांत, महासागरावर, सावली तिरपी पडल्याने डाग लांबट होतो आणि वेगही वाढलेला दिसतो. पहिल्या उत्तरातला तो डाग याहून वेगळा नाही.

ढग फाटलेच तर सूर्याकडे पाहायचे साधन घरात तयार असू द्या. आयएसओ १२३१२-२ असे छापलेला, न चुरगळलेला ग्रहण चष्मा, किंवा १४ नंबरची वेल्डिंग काच. वागळे इस्टेटच्या दुकानांत सहसा १० किंवा ११ नंबरची मिळते, ती घेऊ नका. दोन काचा एकावर एक लावून नंबर जुळवण्याचा उपद्व्यापही नको. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी या सगळ्यांतून अवरक्त किरण जातात. डोळा दुखत नाही आणि पडदा भाजतो. त्याहून सोपे म्हणजे हातातल्या आरशावर ५ मिलिमीटरचे भोक पाडलेला कागद चिकटवून कवडसा १५ मीटरवरच्या अंधाऱ्या जिन्यात टाका. तिथे १४ सेंटिमीटरचा सूर्य उमटतो आणि पंधरा-वीस जण एकदम पाहू शकतात. भोक रुपयाएवढे ठेवले तर चित्र पुसट होते, आणि आरसा हातात धरला तर थरथरते. तो वाळूच्या पिशवीत रोवा.

मोकळ्या आकाशातले ग्रहण हवे असेल तर २१ मे २०३१ धरून ठेवा. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास, आणि पाऊस यायच्या आधी. देशात खग्रास हवे असेल तर २० मार्च २०३४, लडाखचा कारगिल भाग.

मुलीला रोज विचारायचे असते, ‘आत्ता अंतराळवीरांना काय दिसतंय?’ काही सांगता येईल असे दाखवा.
(गृहिणी, उपवन परिसर, ठाणे)

ग्रहणाची वाट पाहावी लागणार नाही. स्थानक ९२-९३ मिनिटांच्या प्रत्येक फेरीत सुमारे ३५ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत असते. म्हणजे दिवसातून सोळा वेळा पृथ्वी त्यांच्या सूर्याला झाकते, आणि तो क्षण ठाण्यातून डोळ्यांनी पाहता येतो.

नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ यादीत मुंबईच्या वेळा मिळतात. सूर्यास्तानंतरच्या दीड-दोन तासांतली, आकाशात ४० अंशांहून वर जाणारी फेरी निवडा. त्याखालची इमारतींत आणि खाडीच्या धुक्यात हरवते. उपवन तलावाचा काठ चालेल, वाशीकरांना सागर विहार बरे. रस्त्याच्या दिव्यांचा अडथळा होत नाही, कारण स्थानक शुक्राच्या तोडीचे तेजस्वी असते. पश्चिमेकडून एक न लुकलुकणारा ठिपका वर येईल. लुकलुकला तर ते विमान. सहा मिनिटांत तो आकाश ओलांडतो. पण संध्याकाळच्या बऱ्याच फेऱ्यांत तो पूर्वेच्या क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही. मध्येच, ढग नसताना, किंचित तांबूस होऊन काही सेकंदांत विझतो.

मुलीला तिथे बोट दाखवा. ठिपका विझतो तेव्हा वरच्या माणसांचा सूर्य पृथ्वीआड जात असतो. आपल्याकडे सूर्यबिंब क्षितिजाखाली जायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यांच्याकडे आठ-दहा सेकंद. त्यांना खाली काळी पृथ्वी आणि तिच्या कडेला निळी-केशरी बारीक रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आपली सारी हवा. नारळाच्या प्रमाणात तिची जाडी मिलिमीटरभर, आणि आपल्या वाट्याचे ढग, पाऊस, पक्षी सगळे त्यातल्या खालच्या दहाव्या-सातव्या हिश्शात. ठिपका विझला ती वेळ सेकंदांसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या संध्याकाळी तो दुसऱ्याच जागी विझेल, आणि यादीतल्या वेळेशी तुमची वेळ किती जुळते ते मुलगी स्वतःच पडताळून पाहील.